धुतलेले केस पुन्हा पुन्हा मेणचट आणि राठ होतात? शाम्पू बदलण्याआधी पाणी तपासा

दोनदा शाम्पू लावला, बादलीभर पाणी ओतलं, केस पंख्याखाली नीट वाळवले. संध्याकाळी हात फिरवला तर मुळांशी मेणचट आणि टोकांशी भरभरीत. कंगव्याच्या दातांत पांढरट-राखाडी थर जमतो. वेणीचे पेड एकमेकांत बसत नाहीत, केस मोकळे सोडले तर मानेपाशी गुंता. शाम्पू बदलला की एक-दोन वेळा बरं वाटतं, मग पुन्हा तेच. होळीनंतर त्रास वाढतो आणि श्रावणापर्यंत आपोआप कमी होतो.

शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या बाबतीत खऱ्या असतील, तर दोष बहुतेक बाटलीत नाही. तुमच्या नळाला येणारं पाणी वर्षभर सारखं नसतं आणि केस ते बरोबर ओळखतात.

पुण्यात खडकवासल्याच्या साखळी धरणांचं पाणी किंवा मुंबईत तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी हे पावसाचं साठवलेलं पाणी. त्यात क्षार कमी. पण वाघोली, उंड्री, पिसोळीसारख्या भागांतल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे तर बोअर हाच अनेक घरांचा मुख्य आधार. आपल्याकडचा बहुतेक भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्याच्या भेगांमधून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. हे क्षार जास्त असलेलं पाणी म्हणजे जड पाणी. उन्हाळ्यात भूजल खाली गेलं, की जास्त खोलवरचं, खडकात जास्त काळ राहिलेलं पाणी उपसलं जातं. म्हणून साधारणपणे मार्च ते जून हा केसांसाठी सगळ्यात वाईट काळ. कोकणातून लग्न होऊन किंवा नोकरीसाठी देशावर आलेल्या मुलींना हा फरक पहिल्या महिन्यातच जाणवतो. घरचे म्हणतात, पाणी मानवलं नाही. ते बरोबरच म्हणतात. लंडनला राहायला गेलेल्या मराठी मुलींचीही हीच तक्रार असते, कारण तिथलं बरंचसं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं.

केसावर नेमकं काय होतं

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. ऊन, रंग, ब्लीच, स्ट्रेटनर, जोरजोरात विंचरणं, यांनी ते उचकटतात. उचकटलेल्या जागी ऋण विद्युतभार जास्त असतो आणि पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धनभाराचे, त्यामुळे ते तिथेच चिकटून बसतात. एकाच घरात, एकाच नळाखाली न्हाणाऱ्या दोघींपैकी रंगवलेले केस असलेलीला जास्त त्रास का होतो, याचं कारण हेच. कुरळ्या आणि लांब केसांची टोकंही अशीच जुनी, झिजलेली असतात. कंबरेपर्यंतच्या केसाचं टोक चार-पाच वर्षांचं असतं. त्याने किती धुणी पाहिली असतील याचा विचार करा.

मेणचटपणाचं कारण वेगळं. साबण जड पाण्यात गेला की कॅल्शियमबरोबर न विरघळणारी साय तयार होते. बादलीच्या कडेला जी राखाडी रेघ दिसते, तीच ही. आजकालच्या शाम्पूंमध्ये खरा साबण नसतो, म्हणून त्यांची साय फारशी होत नाही. पण फेस कमी येतो, आपण आणखी शाम्पू घेतो, तो पूर्ण निघत नाही.

इथे शिकेकाईबद्दल मुद्दाम सांगायला हवं. शिकेकाई आणि रिठ्याच्या पावडरीत सॅपोनिन हे फेस आणणारं नैसर्गिक द्रव्य असतं, त्याची साबणासारखी साय होत नाही आणि शिकेकाई मुळात आंबटसर असते. शिकेकाईची वडी म्हणून जी विकत मिळते, तो मात्र बहुतेक वेळा साबणच असतो: अल्कधर्मी, आणि जड पाण्यात साय धरणारा. आजी शिकेकाईने धुवायची आणि तिचे केस छान होते, म्हणून तुम्ही वडी आणलीत, तर ती तुलनाच चुकते. आजी आवळकाठी, नागरमोथा घालून शिकेकाई उकळायची आणि तिचं पाणी बहुधा आडाचं किंवा नदीचं होतं.

खात्री कशी करायची

घरातली लक्षणं आधी पाहा. गीझरच्या नळाच्या तोंडाशी पांढरा खडबडीत थर, शॉवरची अर्धी छिद्रं बंद, स्टीलच्या भांड्यांवर वाळल्यावर पांढरे ठिपके, आणि तूरडाळ नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त मागते. आरओचं पाणी वापरून डाळ लावल्यावर ती मऊ शिजत असेल, तर पुरावा स्वयंपाकघरातच मिळाला.

मग बाटलीची चाचणी. दोन स्वच्छ, पारदर्शक, सारख्या आकाराच्या बाटल्या घ्या. एकीत बाथरूमच्या नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत तितकंच आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा टाका. साबण खरा साबण हवा, म्हणजे पाकिटावर ‘टॉयलेट सोप’ लिहिलेला. शाम्पू, भांड्यांचं लिक्विड किंवा डिटर्जंट घेतलंत तर फरक नीट दिसणार नाही. झाकण लावून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा आणि ठेवून द्या. आरओच्या बाटलीत वर दाट फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी राहील. नळाच्या बाटलीत फेस लगेच बसला, पाणी दुधी झालं आणि पृष्ठभागावर बारीक कण तरंगायला लागले, तर पाणी जड आहे. हीच चाचणी टँकर आला त्या दिवशी आणि पालिकेचं पाणी आलं त्या दिवशी करून पाहा. त्रास मधूनच का उफाळतो, ते डोळ्यांनी दिसेल.

आकडा हवा असेल तर पाण्याचा कडकपणा, म्हणजे जडपणा, मोजणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कडकपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. ही मर्यादा पिण्यासाठीची आहे, केसांसाठीची नव्हे. १८० च्या वरचं पाणी खूप जड समजलं जातं, म्हणजे मानकात उत्तीर्ण झालेलं पाणीसुद्धा केसांना भरपूर त्रास देऊ शकतं. सोसायटीच्या समितीने ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं सांगितलं, तर नेमका आकडा विचारा.

आरओवाल्याकडे असतं ते टीडीएस मीटर वेगळं. ते पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतं. त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे ते सांगत नाही.

आजपासून काय करता येईल

सगळ्यात जास्त फरक पडतो तो शेवटच्या पाण्याने. अख्खं न्हाणं चांगल्या पाण्याने करायची गरज नाही. वाळताना केसांवर जे पाणी असतं, त्यातलेच क्षार मागे राहतात. तेवढं पाणी बदललं तरी पुष्कळ झालं.

पद्धत अशी. नेहमीच्या पाण्याने शाम्पू करा, केस धुवा आणि दोन्ही हातांनी नीट पिळून घ्या. पिळणं महत्त्वाचं, नाहीतर चांगलं पाणी केसांतल्या जड पाण्यात मिसळून वाया जातं. मग कंडिशनर लावा, कानाच्या खालच्या उंचीपासून टोकांपर्यंत, टाळूला नको. दोन-तीन मिनिटं थांबा. आता एका पातेल्यात दोन लिटर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, पुढे वाकून केसांची लांबी त्यात बुडवा आणि हलवत राहा. अर्ध्या मिनिटात कंडिशनर सुटतो. पुन्हा पिळा. त्यानंतर आणखी एक लिटर तसंच पाणी तांब्याने मुळांपासून हळूहळू सोडा. खांद्यापर्यंतच्या केसांना एवढं पुरतं. कंबरेपर्यंत असतील तर लिटरभर वाढवा. डोक्यावर एकदम तांब्या उपडा केला तर निम्मं पाणी पाठीवरून निघून जातं.

आरओ यंत्र एक लिटर चांगल्या पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं, म्हणून पाण्याच्या टंचाईत हा उपाय आठवड्यातून एक-दोनदाच, धुण्याच्या दिवशी. आणि ते बाहेर पडणारं पाणी चुकूनही केसांना लावू नका. बऱ्याच घरांत ते बादलीत साठवून आंघोळीला वापरलं जातं. हेतू चांगला असतो, पण गाळून वेगळे केलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला, संडासात ओतायला ठीक.

पावसाळ्यात तर निसर्गच मऊ पाणी देतो. पहिल्या काही सरी गच्चीची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन नेतात, त्या जाऊ द्याव्यात. नंतरचं पाणी कापडातून गाळून झाकून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. साठवलेल्या पाण्यात डास होतात, हे लक्षात असू द्या.

आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, रात्रभर निवू द्या आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. कॅल्शियमचा बायकार्बोनेटच्या रूपातला भाग यात खाली बसतो. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातला बसत नाही, त्यामुळे काही गावांत हा उपाय चांगला लागू पडतो आणि काही ठिकाणी जेमतेम.

आधीच बसलेला थर काढायचा कसा

यासाठी क्षार पकडून नेणारा शाम्पू लागतो, त्याला कीलेटिंग शाम्पू म्हणतात. बाटलीच्या मागे टेट्रासोडियम ईडीटीए, डायसोडियम ईडीटीए, सोडियम ग्लुकोनेट किंवा फायटिक ॲसिड ही नावं शोधा. थोडं ईडीटीए तर जवळजवळ प्रत्येक शाम्पूत असतं, यादीच्या अगदी तळाशी. तेवढ्याने भागत नाही. ही नावं यादीत बरीच वर हवीत आणि बाटलीवर जड पाण्यासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसतं ‘क्लॅरिफाइंग’ लिहिलेलं असेल तर तो तेल आणि सिरमचा थर काढेल, क्षारांचा काढेलच असं नाही.

पूर्ण बोअरवर असाल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा, मिश्र पाणी असेल तर महिन्यातून एकदा. फेस तीन-चार मिनिटं राहू द्या, नंतर कंडिशनर नक्की लावा. रंगवलेल्या केसांचा रंग याने थोडा लवकर उतरतो, म्हणून रंग लावण्याच्या आधी हे धुणं करा, लगेच नंतर नको. मेंदी लावण्याआधीही हेच. क्षारांचा थर असलेल्या केसांवर मेंदी डागाळल्यासारखी चढते आणि आपण दोष मेंदीला देतो.

खर्च नको असेल तर एक लिटर चांगल्या पाण्यात एक मोठा चमचा साधं पांढरं व्हिनेगर. शाम्पूनंतर ओता, एक-दोन मिनिटं थांबा, चांगल्या पाण्याने धुवा. आंबट पाण्याने हलका थर सुटतो आणि खवले खाली बसायला मदत होते. टाळूवर जखम किंवा खाजवून झालेले ओरखडे असतील तर हे टाळा. अर्ध्या लिंबाचा गाळलेला रसही चालतो, पण तो कपाळावर, मानेवर तसाच ठेवून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन मिळून त्वचेवर काळे डाग, कधी फोडही उठतात. लिंबू थेट टाळूवर चोळण्याचा सल्ला अनेकजणी देतात, त्याला माझा ठाम विरोध आहे.

न्हाण्याआधी तेल लावत असाल तर ते चालू ठेवा, फक्त प्रमाणात. खोबरेल तेलातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलात हा गुण दिसला नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मॅरिकोच्या संशोधकांचा आहे, म्हणजे खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीचाच, हे माहीत असलेलं बरं. पण धुण्याआधी तासभर दोन चमचे तेल ही जुनी पद्धत त्यातून योग्यच ठरते. वाटीभर तेल चोळलंत तर मात्र ते काढायला दोन-तीनदा शाम्पू लागतो आणि केलेला फायदा वाहून जातो.

ज्यावर पैसे घालवू नका

शॉवरला लावायचे छोटे फिल्टर. ते क्लोरीन आणि गढूळपणा कमी करतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यांतून आरपार जातं. तुरटीने गाळ बसतो, कडकपणा जात नाही. आणि स्मूदनिंग किंवा केराटिनसाठी हजारो रुपये मोजण्याआधी दोन महिने वरचे उपाय करून बघा. नळाचं पाणी तेच राहिलं तर ती ट्रीटमेंटसुद्धा लवकर निस्तेज होते. शिवाय काही क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायनं असतात, काहींत ग्लायॉक्सिलिक ॲसिड. हे ॲसिड असलेल्या स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. पार्लरमध्ये बाटली दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर खुर्चीवरून उठा.

सॉफ्टनर आहे, तरी त्रास आहे?

सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, असूनही केस राठ होत असतील तर पहिला प्रश्न मिठाचा. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम पकडून त्या जागी सोडियम सोडतं. ठरावीक पाण्यानंतर ते भरून जातं आणि मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावं लागतं. मीठ संपलं, किंवा ज्याच्याकडे हे काम आहे तो सुट्टीवर गेला, की बोअरचं पाणी जसंच्या तसं वर चढतं आणि कुणालाच कळत नाही. आठवड्याने मात्र सगळ्या बायका एकमेकींना ‘केस फार खराब झालेत गं’ म्हणायला लागतात. अशा वेळी बाटलीची चाचणी तळमजल्यावरच्या सॉफ्टनरच्या आधीच्या आणि नंतरच्या नळावर करा आणि समितीला बोलावून दाखवा. समिती टीडीएस मीटर पुढे करेल; सॉफ्टनरने टीडीएस कमी होतच नाही, म्हणून तो आकडा इथे कामाचा नाही. कडकपणाची पट्टी मागा.

मऊ झालेल्या पाण्यात शाम्पू निम्मा पुरतो. जुन्याच सवयीने घेतलात तर केस पुन्हा बुळबुळीत राहतील आणि वाटेल, सॉफ्टनर निकामी आहे.

लग्नाला जायचं आहे आणि केस ऐकत नाहीत

लग्नसराई आणि टँकरचा हंगाम नेमका एकाच वेळी येतो. खोपा किंवा अंबाडा घालायचा असेल तर थर काढणारं धुणं दोन दिवस आधी करा, कार्याच्या सकाळी नाही. ताजे धुतलेले केस निसटतात, आकडे धरत नाहीत, गजऱ्याच्या वजनाने अंबाडा खाली सरकतो. एक-दोन दिवस आधी धुतलेल्या केसांवर पिना घट्ट बसतात.

स्ट्रेटनर किंवा कर्लर फिरवण्याआधी केस पूर्ण कोरडे हवेत. ओलसर केसावर गरम पट्टी फिरली की आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तो तिथेच तुटतो. चर्र असा आवाज किंवा वाफ आली तर थांबा. घाई असेल तर गरम उपकरणं बाजूला ठेवून कानामागून घट्ट वेणी घाला आणि टोकांना तळहातावर चोळलेले खोबरेलाचे दोन थेंब लावा.

केस तुटतात की गळतात?

जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात आणि मधून तुटतात. मुळातून गळण्याचं कारण सहसा दुसरं असतं. कंगव्यातला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आला. नसेल आणि केस आखूड असेल तर तुटला. रोज ५० ते १०० केस मुळातून जाणं सर्वसाधारण मानतात.

गाठवाले केस मुठीने येत असतील तर मागचे तीन महिने आठवा: बाळंतपण, डेंग्यू किंवा टायफॉइडसारखा ताप, ऑपरेशन, झपाट्याने कमी केलेलं वजन. अशा गळतीला दोन-तीन महिने उशिराने सुरुवात होते, म्हणून तिचा संबंध आपल्या लक्षात येत नाही आणि बिचाऱ्या पाण्यावर खापर फुटतं. डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळी जास्त जाणाऱ्या बायकांनी फेरिटिनबद्दल स्वतःहून विचारावं, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. भांगाची रेघ रुंद होत चालली असेल, गोल चकतीसारखी जागा रिकामी झाली असेल किंवा टाळूवर खाज, जाड पापुद्रे आणि पू असेल, तर घरचे प्रयोग थांबवून थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.